विश्लेषण : कंपनीच्या तारेला चौथी बाजू नव्हती! डॉ. ओशॉनेसी यांचा टेलिग्राफ आजच्या फायबर रिंगला काय शिकवतो?

ग्रामपंचायतीतले नेट बंद असले की काय काय अडते, हे यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली की कळते. सातबारा निघत नाही, अर्ज अर्ध्यात अडकतो, सेवा केंद्रापुढची रांग वाढत जाते. अनेकदा कारण अगदी साधे असते. पंधरा-वीस किलोमीटरवर रस्त्याचे काम सुरू असते आणि जेसीबीच्या दातात ऑप्टिकल फायबर केबल आलेली असते. त्या एका जागी केबल तुटली की पुढची सगळी गावे अंधारात जातात.

यावरचा उपाय म्हणजे रिंग, म्हणजेच वर्तुळाकार जाळे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. ग्रामपंचायतींना एकामागे एक साखळीत जोडण्याऐवजी रिंगमध्ये जोडणे हा त्यातला महत्त्वाचा बदल आहे. पण रिंग एकदा तयार करून काम संपत नाही. तिच्यात नवी गावे जोडावी लागतात, जुनी केंद्रे काढावी लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी ती सर्वात कमजोर असते.

हे समजून घ्यायचे तर भारतातले पहिले दूरसंचार जाळे उभारणाऱ्या माणसाकडे जावे लागते. त्यांचे नाव विल्यम ब्रूक ओशॉनेसी. पेशाने ते डॉक्टर होते.

ओशॉनेसी कोण होते?

त्यांचा जन्म आयर्लंडमधील लिमरिकचा. १८२९ मध्ये एडिनबरा विद्यापीठातून त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. लंडनमध्ये व्यवसायाचा परवाना न मिळाल्याने ते रसायनशास्त्र आणि विषांच्या तपासणीकडे वळले. १८३१ मध्ये इंग्लंडमध्ये कॉलऱ्याची साथ आली. वयाच्या विशीत असलेल्या या डॉक्टरने रुग्णांचे रक्त तपासले आणि त्यातले पाणी व क्षार मोठ्या प्रमाणात कमी झाल्याचे दाखवले. हे क्षार पाण्यातून थेट शिरेत द्यावेत, असे त्यांनी सुचवले. १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लट्टा या डॉक्टरने ते प्रत्यक्षात करून पाहिले. आज प्रत्येक दवाखान्यात दिसणाऱ्या सलाईनच्या बाटलीची सुरुवात तिथली आहे.

१८३३ मध्ये ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कोलकात्याला आले. १८३५ मध्ये कोलकाता मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा ते तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. भारतीय औषधी वनस्पतींचा त्यांनी अभ्यास केला. गांजाच्या औषधी गुणांवरचे त्यांचे संशोधन युरोपातील डॉक्टरांपर्यंत पोहोचले. १८४३ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. एवढ्यावर थांबले असते तरी त्यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिले असते. पण त्यांना विजेचाही नाद होता.

बागेतला प्रयोग काय होता?

वर्ष १८३९. अमेरिकेत मोर्स यांची पहिली सार्वजनिक तार सुरू व्हायला अजून पाच वर्षे होती. कोलकात्याजवळच्या वनस्पती उद्यानात ओशॉनेसी यांनी बांबूचे खांब रोवले आणि त्यावर लोखंडी तार इकडून तिकडे फेऱ्या मारत नेली. जागा बागेएवढीच, पण तारेची लांबी मैलोन्मैल झाली. इतक्या लांबीतून वीज जाते का आणि तिच्यावर संदेश पाठवता येतो का, एवढेच त्यांना पाहायचे होते.

संदेश ओळखायला यंत्र नव्हते. एकाच वेळेला लावलेली दोन घड्याळे दोन टोकांना ठेवली होती. बोटांना विजेचा हलका झटका बसला की त्या क्षणी काटा कुठे आहे हे पाहून अक्षर ठरवायचे. पुढे त्यांनी हुगळी नदीच्या पाण्यातून तार टाकून पाहिली. प्रयोग यशस्वी झाले, निबंध छापून आला, पण कंपनी सरकारने लक्ष दिले नाही. जवळपास दहा वर्षे हे काम कागदावरच राहिले. मधल्या काळात ओशॉनेसी कोलकात्याच्या टाकसाळीत धातूंची पारख करणारे अधिकारी झाले.

सरकारला जाग कशी आली?

लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन आले आणि चित्र पालटले. रेल्वे, टपाल आणि तार या तिन्हींत त्यांना रस होता. त्यांच्या मंजुरीने कोलकाता ते डायमंड हार्बर अशी सुमारे ४५ किलोमीटरची प्रायोगिक तार टाकण्यात आली. समुद्रातून हुगळीत शिरणाऱ्या जहाजांची खबर राजधानीला लवकर मिळावी, हा हेतू होता. १८५१ मध्ये ही तार सुरू झाली.

या कामात ओशॉनेसी यांचा उजवा हात होते टाकसाळीतलेच एक बंगाली कर्मचारी, शिवचंद्र नंदी. डायमंड हार्बरच्या टोकाहून पहिला संदेश त्यांनी पाठवला आणि कोलकात्यात डलहौसी यांच्या समोर ओशॉनेसी यांनी तो घेतला. पुढे तारखात्यात नंदी यांनी मोठी जबाबदारी सांभाळली.

१८५२ मध्ये दुसरे ब्रह्मी युद्ध सुरू झाले. रंगून पडल्याची बातमी जहाजाने नदीच्या मुखाशी आली आणि तिथून तारेने कोलकात्यात पोहोचली. एवढा पुरावा डलहौसी यांना पुरला. ओशॉनेसी यांना लंडनला पाठवण्यात आले आणि कंपनीच्या संचालकांनी देशभर तार टाकायला मान्यता दिली.

देशभर तार कशी पसरली?

नोव्हेंबर १८५३ मध्ये काम सुरू झाले. वऱ्हाडसाठीही हेच वर्ष महत्त्वाचे. निजामाबरोबरच्या करारानुसार आजच्या यवतमाळसह वऱ्हाडचा कारभार त्याच वर्षी कंपनीकडे गेला. पुढच्याच वर्षी नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. कंपनीचा मुलूख वाढत होता आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला वेगवान साधन हवे होते. तार ही लोकांच्या सोयीआधी सत्तेची गरज होती.

ओशॉनेसी यांची पद्धत इंग्लंडपेक्षा वेगळी होती. बारीक तारेऐवजी त्यांनी जाड लोखंडी सळई वापरली. माकडे लोंबकळली, पक्ष्यांचे थवे बसले तरी ती तुटू नये, हा विचार होता. आधी जे मिळतील ते खांब उभारून काम पुढे न्यायचे आणि पक्के खांब नंतर बसवायचे, असा वेग त्यांनी ठेवला. महागड्या आयात यंत्रांऐवजी त्यांनी स्वतः बनवलेले सुईचे साधे, स्वस्त यंत्र वापरले. सुई डावीकडे वळली की उजवीकडे, यावरून अक्षर ओळखायचे.

२४ मार्च १८५४ रोजी आग्र्याहून कोलकात्याला पहिला संदेश आला. अंतर सुमारे १३०० किलोमीटर. काम सुरू होऊन पाच महिनेही झाले नव्हते. फेब्रुवारी १८५५ मध्ये ही सेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली, तेव्हा सुमारे ३००० मैल तार आणि चाळीसच्या आसपास तार कार्यालये होती. १८५६ मध्ये ओशॉनेसी यांना सर किताब मिळाला.

तार कार्यालय म्हणजे आजचा नोड कसा?

नेटवर्कमधल्या ज्या ठिकाणी संदेश थांबतो, वाचला जातो आणि पुढे पाठवला जातो, त्याला नोड म्हणतात. १८५५ मध्ये हे काम माणूस करत होता. लांबच्या अंतरावर, त्यातही पावसाळ्यात, वीज जमिनीत झिरपून संदेश क्षीण होत असे. म्हणून मधल्या कार्यालयातला कारकून तो लिहून घेई आणि नव्या जोमाने पुढे पाठवी.

फायबरमध्येही हेच होते, फक्त माणसाच्या जागी यंत्र आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो आणि अंतरानुसार तो मंदावतो. चांगल्या फायबरमध्ये प्रत्येक किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल घट धरली, तर १५ किलोमीटरमध्ये प्रकाश निम्मा होतो. नोडवरचे यंत्र तो वाचते आणि पूर्ण ताकदीने पुढे सोडते. म्हणून नोड हे नुसते गावाचे कनेक्शन नसते. शेजारच्या दोन नोडमधला तो विसाव्याचा टप्पाही असतो.

ओशॉनेसी यांच्या जाळ्यात उणीव काय होती?

१८५५ चा नकाशा डोळ्यासमोर आणा. कोलकात्याहून तार बनारस, अलाहाबाद, कानपूरमार्गे आग्र्याला जात होती. आग्र्याहून इंदूरमार्गे मुंबईला. मुंबईहून दख्खन ओलांडून बंगळूरुमार्गे मद्रासला. आग्र्याच्या वर दिल्ली, अंबाला, लाहोर, पेशावर अशी एक शाखा. आपले वऱ्हाड या मुख्य मार्गावर नव्हते.

या चौकोनाच्या तीनच बाजू पूर्ण होत्या. मद्रास ते कोलकाता ही पूर्व किनाऱ्याची चौथी बाजू नव्हती. म्हणजे जाळे दिसायला देशभर पसरलेले, पण प्रत्यक्षात ती एक लांब साखळी होती. साखळीची एक कडी तुटली की तिचे दोन तुकडे होतात आणि एका तुकड्याला दुसऱ्याशी बोलता येत नाही.

१८५७ मध्ये काय झाले?

१० मे १८५७ रोजी मेरठमध्ये उठाव झाला आणि दिल्लीशी जोडणारी तार तोडण्यात आली. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या तार कार्यालयाचे प्रमुख चार्ल्स टॉड तार तपासायला निघाले आणि मारले गेले. कार्यालयातल्या दोन तरुण तारवाल्यांनी अंबाल्याला खबर दिली आणि ते निघून गेले. ती खबर पुढे लाहोरला पोहोचली. तिथल्या कंपनी अधिकाऱ्यांनी हिंदी पलटणींना बातमी फुटण्याआधीच नि:शस्त्र केले. जिथे तार शाबूत होती, तिथे तिने कंपनीला वेळ मिळवून दिला.

ही तार कोणाच्या कामाची आहे, हे उठाववाल्यांनाही कळत होते. जूनमध्ये नानासाहेब पेशव्यांच्या नेतृत्वाखाली कानपूर उठले. कोलकाता-आग्रा तार ज्या मार्गाने जात होती, तोच हा मार्ग. मध्य भारतात उठाव पसरला तशी आग्रा-इंदूर बाजूही तुटली. आग्रा दोन तुटींच्या मध्ये सापडले. राजधानी कोलकात्याला मुंबईशी तारेने बोलायला दुसरी वाटच उरली नाही. पुन्हा घोडेस्वार, टपाल आणि जहाजांवर भिस्त आली. सळई कितीही जाड असली तरी कापणाऱ्या माणसापुढे ती टिकत नाही, हे त्या उन्हाळ्याने दाखवले.

ओशॉनेसी त्या वेळी भारतात नव्हते. त्यांच्या जागी पॅट्रिक स्ट्युअर्ट हा तरुण अधिकारी काम पाहत होता. ओशॉनेसी परतल्यानंतर जाळे पुन्हा उभे करण्यात आले, सुईच्या यंत्रांची जागा मोर्सच्या यंत्रांनी घेतली आणि पुढे पूर्व किनाऱ्याने मद्रास व कोलकाता जोडले गेले. चौथी बाजू अखेर आली, पण वेळ निघून गेल्यावर.

रिंगमुळे नेमका काय फरक पडतो?

यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा घ्या. केवळ समजण्यासाठी अशी रिंग मानू या : यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, महागाव, आर्णी आणि परत यवतमाळ. दिग्रस आणि पुसद यांच्या मध्ये केबल तुटली तर पुसदचा डेटा महागाव-आर्णीकडून यवतमाळला येईल. आजच्या रिंग यंत्रणांत हा बदल साधारण ५० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवण्याच्या आत होतो. मोबाइलवर अर्ज भरणाऱ्याला तो कळतही नाही.

इथे एक गंमत आहे. इथरनेटची रिंग पूर्ण वर्तुळासारखी चालू ठेवत नाहीत. तसे केले तर तोच डेटा गोल गोल फिरत राहील आणि जाळे ठप्प होईल. म्हणून एक बाजू मुद्दाम बंद ठेवलेली असते. दुसरीकडे तूट झाली की ती आपोआप उघडते. ओशॉनेसी यांच्या नकाशात नसलेली चौथी बाजू ती हीच.

नवे गाव रिंगमध्ये कसे जोडतात?

समजा, यवतमाळ आणि आर्णी यांच्या मधले एक गाव जोडायचे आहे. त्यासाठी या दोघांमधला दुवा काही काळ तोडावाच लागतो. कामाचा क्रम असा असतो :

१) बाकी रिंगमध्ये कुठेही बिघाड नाही ना, हे आधी तपासायचे. ही पायरी चुकली तर पुढचे सगळे धोक्यात.

२) नव्या यंत्राची सेटिंग जोडण्याआधीच पूर्ण करायची. रिंगचे नियम माहीत नसलेले यंत्र जोडले तर डेटा गोल फिरू लागण्याची भीती असते.

३) कमी वापराची वेळ निवडायची, शक्यतो रात्रीची, आणि दुवा आपल्या हाताने बंद करायचा. वाहतूक दुसऱ्या बाजूने वळली, याची खात्री करायची.

४) फायबर कापून दोन्ही टोके नव्या नोडला जोडायची. दोन्ही बाजूंचा प्रकाश पुरेसा येतो का, ते मोजायचे.

५) दुवे सुरू करायचे. बरीच यंत्रे लगेच जुन्या मार्गावर परतत नाहीत. जोड स्थिर आहे का हे पाहण्यासाठी ती काही मिनिटे थांबतात.

यातली तिसरी ते पाचवी पायरी सुरू असताना ती रिंग नसते. ती १८५५ ची साखळी असते. त्या अर्ध्या-पाऊण तासात पुसदकडे दुसरी तूट झाली, तर दोन तुटींच्या मधली गावे आग्र्यासारखी एकटी पडतात. म्हणून एका रिंगवर एका वेळी एकाच जागी काम करायचे, हा नियम कडक पाळतात.

नोड काढणे जोडण्यापेक्षा सोपे का नाही?

एखादे कार्यालय दुसऱ्या इमारतीत गेले किंवा यंत्र जुने झाले की नोड काढावा लागतो. वरवर पाहता यंत्र उचलायचे आणि दोन्ही फायबर एकमेकांना जोडून टाकायचे. पण मग मधला विसावा जातो. आधी २५ आणि २५ किलोमीटरचे दोन टप्पे होते, आता ५० किलोमीटरचा एकच झाला. शेजारच्या नोडमधली प्रकाश पाठवणारी मॉड्यूल ४० किलोमीटरची असतील, तर रिंग जुळलीच नाही असे होऊ शकते. अशा वेळी आधी जास्त पल्ल्याची मॉड्यूल बसवावी लागतात. मधले तार कार्यालय बंद केले, तर पुढच्या कार्यालयापर्यंत पावसाळ्यात संदेश पोहोचेल का, हा ओशॉनेसी यांच्या काळातला प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे.

रिंग असूनही नेट का जाते?

रिंग कागदावर गोल असते, जमिनीवर तशी असेलच असे नाही. जायची आणि यायची फायबर एकाच केबलमध्ये, एकाच चरातून टाकली, तर जेसीबीचा एक फटका दोन्ही बाजू तोडतो. नदीवरच्या एकाच पुलावरून दोन्ही केबल गेल्या तरी तेच. जिल्ह्याच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि जमिनीतल्या केबलवर त्याचा ताण येतो. म्हणून दोन वेगळे रस्ते, दोन वेगळे पूल असतील तरच ती खरी रिंग.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. एक बाजू तुटली तरी नेट चालू राहते, त्यामुळे कोणाची तक्रार येत नाही. तक्रार नाही म्हणून दुरुस्ती रखडते. तुटलेल्या रिंगवर महिनाभर सगळे सुरळीत दिसते आणि दुसरी तूट झाली की एकदम अनेक गावे बंद पडतात. आपल्या ग्रामपंचायतीला रिंग मिळणार असेल, तर दोन प्रश्न विचारण्यासारखे आहेत. दोन्ही बाजू वेगळ्या रस्त्याने येतात का? आणि एक बाजू तुटल्यावर ती किती दिवसांत जोडायची, हे करारात लिहिले आहे का?

ओशॉनेसी यांचे पुढे काय झाले?

१८६० मध्ये त्यांनी भारत सोडला. १८६१ मध्ये त्यांनी नावापुढे ब्रूक हे आडनाव लावले. त्यानंतर ते सार्वजनिक जीवनात फारसे दिसले नाहीत. जानेवारी १८८९ मध्ये इंग्लंडमधील साउथसी येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी सुरू केलेली तारसेवा मात्र त्यांच्यानंतर सव्वाशे वर्षे चालली. लग्नाच्या शुभेच्छा आणि मृत्यूच्या खबरा घेऊन पोस्टमन तार आणत राहिला. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली.

सत्तेच्या कामासाठी टाकलेले ते जाळे राजधान्या जोडत होते, गावे नव्हे. आज ग्रामपंचायतीपर्यंत आलेले जाळे सातबारा, पीकविमा आणि शाळेच्या कामाचे आहे. ते तुटले तर नुकसान कंपनी सरकारचे नाही, रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे होते. म्हणून प्रत्येक नवे गाव जोडताना चौथी बाजू शाबूत आहे ना, हे आधी पाहायचे.